दुर्गम म्हणजे नेमकं कुठून?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : आदिवासींच्या आरोग्याबद्दल बोलताना वापरल्या जाणाऱ्या एका शब्दाबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी एकतीस वर्षं जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आरोग्य खात्याची नोकरी केली. १९९३ साली एएनएम, म्हणजे पाड्यांवर फिरणारी आरोग्यसेविका, म्हणून लागले तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. २०२४ मध्ये आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा तो पालघर होता. या काळात मी खात्याला जेवढे कागद लिहिले ते सगळे ठरलेल्या नमुन्यातले. हे नमुन्याबाहेरचं पहिलंच. यावर जावक क्रमांक नाही आणि ते ‘योग्य त्या मार्गाने’ही आलेलं नाही. त्याची माफी आधीच मागते.

माझी तक्रार ‘दुर्गम’ या शब्दाबद्दल आहे. बाळ दगावलं, तर भाग दुर्गम. डॉक्टर रुजू होत नाही, तर भाग दुर्गम. गरोदर बाईला डोलीतून आणावं लागलं आणि वाटेतच बाळंतपण झालं, तर भाग अतिदुर्गम. जीआरमध्ये ‘आदिवासी व दुर्गम’ हा आता जोडशब्दच झाला आहे, मीठ-भाकरीसारखा. शब्द सोयीचाही आहे. त्यात सगळा दोष डोंगराकडे जातो, आणि डोंगराला कारणे दाखवा नोटीस काढता येत नाही.

पण साहेब, दुर्गम म्हणजे नेमकं कुठून? जव्हार मंत्रालयापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. आमच्या मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे. तिथलं पाणी कुठेही न अडखळता मुंबईच्या नळाला येतं. आपल्या बंगल्यावर सकाळी जे पाणी येतं, त्यात आमच्या डोंगरातलं थोडं तरी असतंच. पाण्याला कधी तो डोंगर दुर्गम झाला नाही.

बरं, आमचं सोडा. आरे कॉलनीत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. ते मुंबई महापालिकेच्या हद्दीत, मोठमोठ्या रुग्णालयांच्या शहरात. खालापूर-कर्जतच्या कातकरी वाड्या एक्स्प्रेसवेपासून हाकेच्या अंतरावर. तिथे कुठला घाट आडवा येतो? तरीही तिथल्या बाईचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, बघा, तिच्या लेकराचं वजन करा, आणि मग डोंगरातल्या कातकरणीशी पडताळून बघा. मला वाटतं अंतर किलोमीटरचं नाही, हे तिथेच कळेल. पण अशी पडताळणी आपल्याकडे कुणी करत नाही. का करत नाही, ते पुढे सांगते, कारण त्यात माझाही हात आहे.

मी लागले त्याच्या आदल्या वर्षी, १९९२-९३ मध्ये, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली होती. सगळ्या महाराष्ट्राला त्या गावांची नावं पेपरातून कळली. त्या सुमारास मेळघाटच्या कोरकू मुलांचीही बातमी झाली. मग गाड्या आल्या, दौरे झाले. १९९५ साली नवसंजीवनी योजना आली. पाडा स्वयंसेवक आले, दाई बैठका सुरू झाल्या, भरारी पथकं आली. नंतर माहेरघर, अमृत आहार, ग्राम बालविकास केंद्र. आमच्याकडच्या योजनांची नावं ऐकली तर वाटेल की एखाद्या सुखी घराचं वर्णन चाललं आहे.

यातलं काहीच कामाचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहेरघराने बायका वाचल्या, मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. नदीपलीकडच्या पाड्यावरची बाई पावसाळ्यात कळा सुरू होण्याआधीच केंद्रात येऊन राहिली की निम्मी भीती संपते. मात्र तिची आधीची दोन पोरं कुणी सांभाळायची आणि आवणीला माणूस कुठून आणायचा, हे प्रश्न योजनेत नव्हते. म्हणून कित्येक जणी दोन दिवस राहून परत गेल्या. अमृत आहारातलं अंडंही चांगलं. भरारी पथकाच्या डॉक्टरांना कागदोपत्री ‘मानसेवी’ म्हणत, म्हणजे मान भरपूर. तरी त्यांच्यातल्या काहींनी कायम नोकरीवाल्यांपेक्षा जास्त पाडे पायांखाली घातले. पैसाही अगदीच नव्हता असं नाही. सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर १९९३-९४ पासून राज्यात आदिवासी उपयोजनेला, म्हणजे आदिवासींसाठी बाजूला ठेवायच्या निधीला, लोकसंख्येच्या प्रमाणात तरतूद करायचं धोरण आहे.

मग अडलं कुठे?

आमच्याकडे दिवाळी झाली, भात झोडून झालं, की पाडे ओस पडतात. लोक विचारल्यावर सांगतात, “जगायला गेले.” कामाला गेले म्हणत नाहीत, जगायला गेले म्हणतात. भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं जातात आणि शिमग्याला, नाहीतर पावसाच्या तोंडावर परत येतात. वर्षातले सहा-सहा महिने ही माणसं सपाट जमिनीवर, डांबरी रस्त्याला लागून, दवाखान्यांच्या मधोमध राहतात. त्या सहा महिन्यांत त्यांची लसीकरणाची खेप चुकते, लोहाच्या गोळ्या चुकतात, बाळाचं वजन होत नाही. इकडच्या रजिस्टरला आम्ही शेरा मारायचो, ‘स्थलांतरित’. तिकडच्या केंद्रात म्हणायचे, हे लाभार्थी आमचे नाहीत. गरोदर बाईचं कार्ड तिच्या पदरात आणि नाव दोन्हीकडे नाही. तुमचा ‘दुर्गम’ हा शब्द या बाईला शोधूच शकत नाही, कारण ती तेव्हा दुर्गम भागात नसते.

केंद्र सरकारच्या दोन मंत्रालयांनी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली आदिवासी आरोग्यावर तज्ज्ञ समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. देशातल्या १० कोटी ४० लाख आदिवासींपैकी निम्म्याहून जास्त लोक आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या योजना तालुक्यांच्या यादीवर चालतात आणि माणसं यादीबाहेर. आदिवासींचं सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षं आणि देशाचं ६७, हाही आकडा त्यात आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू अनुसूचित जमातींमध्ये हजारी ५७, आणि ज्यांना सर्वेक्षण ‘इतर’ म्हणतं त्यांच्यात ३९ च्या आसपास. समितीची एक तक्रार मला वाचताना लागली. आदिवासींच्या आरोग्याची वेगळी आकडेवारी देशात धड मिळतच नाही, असं तिने नोंदवलं आहे. ती आकडेवारी गोळा करणारी मी होते, साहेब. माझ्यासारख्या हजारो.

आता माझ्या हाताबद्दल.

आमच्या रजिस्टरला एससी, एसटी, इतर असा रकाना असायचा. तो आम्ही भरायचो. महिन्याचा अहवाल वर गेला की त्यात नुसत्या बेरजा. किती बाळंतपणं, किती लसी, किती मृत्यू. आणि तो ‘एसटी’ तरी किती मोठा! आमच्याकडे त्यात वारली आहेत, कोकणा आहेत, ठाकूर आहेत, महादेव कोळी, मल्हार कोळी आणि कातकरी आहेत. कोकणा घरात शिक्षक असतो, थोडी शेती असते. कातकऱ्याकडे बहुतेक वेळा घराखालची जमीनसुद्धा स्वतःची नसते. केंद्र सरकार त्यांना आदिम जमात म्हणतं, राज्यात कोलाम आणि माडिया गोंड यांच्या बरोबर. या सगळ्यांना एका ‘एसटी’त ढवळलं की सरासरी बरी दिसते, आणि कातकऱ्यांची पोरं त्या सरासरीच्या तळाशी बसतात.

पण याहून वाईट गोष्ट मृत्यूच्या रकान्यात व्हायची. बालमृत्यूची नोंद केली की पहिला प्रश्न ती करणाऱ्या बाईला. भेटी किती दिल्या, का कळलं नाही, रेफर का केलं नाही? आढावा बैठकीत सगळ्यांसमोर उभं करून विचारायचे. पाड्यापाड्यांच्या वाटा तुडवणाऱ्या बाईला, ज्यांना कधी जिना चढतानाही कुणी पाहिलं नव्हतं, तेही विचारायचे. नोटीस यायची, वेतनवाढ अडकायची. मग बायका शिकल्या. जिथे मृत्यू नोंदवल्याने शिक्षा होते, तिथे मृत्यू कमी होत नाहीत, नोंदी कमी होतात. राज्य सरकारनेच पुढे डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. सरकारी नोंदीत बालमृत्यूंचा मोठा वाटा येतच नाही, हे तिने सांगितलं तेव्हा वरती खळबळ झाली. आमच्यात कुणालाच नवल वाटलं नाही.

मार्च १९९९ ची गोष्ट. एक कातकरी पोरगी, एकोणीस-वीस वर्षांची, भट्टीवरून शिमग्याला परत आली ती नऊ दिवसांचं बाळ घेऊन. बाळंतपण भट्टीवरच, विटांच्या आडोशाला. काट्यावर ठेवलं तर बाळ दीड किलोलाही भरलं नाही. अंगाला थंडगार. मी ते पोटाशी धरून ठेवायला लावलं, चमच्याने दूध काढून पाजायला शिकवलं, गाडीसाठी निरोप धाडला. गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. अकराव्या दिवशी पहाटे बाळ उपकेंद्राच्या ओटीवर गेलं. त्या तिमाहीत माझ्या हद्दीत आधीच दोन मृत्यू झाले होते आणि गेल्या बैठकीत मी रडून आले होते. मी लिहिलं, ‘उपजत मृत’. उपजत मृत बाळ बालमृत्यूच्या दरात धरत नाहीत. अकरा दिवस जगलेलं एक मूल मी कागदावर जन्मूच दिलं नाही. आईने काही विचारलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी रजिस्टर तिला कुणी दाखवलं नसतं.

म्हणून पडताळणी का होत नाही असा प्रश्न मी कुठल्या तोंडाने विचारू?

भाषेचंही थोडं सांगते. महाराष्ट्रात कोरकू आहे, ती मुंडा कुळातली. माडिया-गोंडी द्रविड कुळातली. भिल्ली बोली आणखी वेगळ्या. तीन कुळांच्या भाषा बोलणारे रुग्ण, आणि दवाखान्याची पाटी मराठीत. आमच्याकडची वारली बोली मराठीला जवळची, म्हणून उलट घोटाळा जास्त. दोन्हीकडच्यांना वाटतं आपल्याला समजलं. एका बाईला आम्ही शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं होतं. सिझर झालं, बाळ कमी दिवसांचं. तिसऱ्या दिवशी ती तिथून निघून आली. कागदावर शेरा, ‘न सांगता पळून गेली’. मी पाड्यावर गेले तर ती चुलीपाशी बसलेली, टाके ओले. म्हणाली, बाळ काचेत ठेवलंय म्हणाले. एवढंच सांगितलं होतं तिला. काचेत म्हणजे काय, किती दिवस, आत जाऊन बघता येतं का, काही नाही. तिला वाटलं, मेलेल्या बाळाला तिथे तसं ठेवत असतील. बाळ जिवंत होतं. आम्ही तिला घेऊन परत गेलो तेव्हा वॉर्डातली सिस्टर म्हणाली, “ह्यांना काही कळतच नाही.” ती सिस्टर वाईट नव्हती. तीस बेडच्या वॉर्डात साठ बायका होत्या आणि ती एकटी होती. पण हेच वाक्य मी एकतीस वर्षांत शेकडो वेळा ऐकलं, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षात मीही म्हटलं आहे. मी पनवेलकडची, माझ्या कानाला वारली समजायला दोन पावसाळे लागले.

माझी भाची अमेरिकेत नर्स आहे. तिच्याकडून ऐकलेली आणि नंतर वाचून खात्री करून घेतलेली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. तिकडे दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांचे वॉर्ड वेगळे, कुठे कुठे रुग्णालयंच वेगळी. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, पण नुसत्या कायद्याने दारं उघडली नाहीत. १९६६ मध्ये म्हाताऱ्या लोकांसाठी मेडिकेअर सुरू करताना सरकारने अट घातली : वेगळे वॉर्ड ठेवणाऱ्या रुग्णालयाला पैसा मिळणार नाही. काही महिन्यांत हजाराहून जास्त रुग्णालयांनी भेद मोडला. पिढ्यान्‌पिढ्यांची ‘रीत’ एका बिलाच्या अटीने गेली. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर होतं.

पण तिथेही गोष्ट संपलेली नाही. २०२१ साली तिकडे बाळंतपणात काळ्या बायकांचे मृत्यू लाखामागे ६९.९ होते आणि गोऱ्या बायकांचे २६.६. भाचीने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, एवढा श्रीमंत देश! नंतर लक्षात आलं की त्यांची लाज निदान छापून येते. दर वर्षी, वंशानुसार, सरकारच्या नावाने. आपल्या राज्यात गेल्या वर्षी किती कातकरी बायका बाळंतपणात गेल्या, हे आपल्या दोन खात्यांपैकी कुणीतरी मला सांगावं.

माझं मागणं त्यावरूनच आहे. माता, बाळ आणि क्षयरोग यांच्या नोंदी जमातवार ठेवा आणि दर वर्षी विधिमंडळात मांडा. शहरातल्यासुद्धा. आरेतल्या वारल्याची नोंद मुंबईच्या बेरजेत बुडता कामा नये. गरोदर बाई जिथे जाईल तिथे तिचं नाव जावं. भट्टी ज्या केंद्राच्या हद्दीत असेल त्या केंद्राची ती, मग घर मोखाड्यात असो की मेळघाटात. भट्टीमालकाला परवानगी देताना तिथे किती बायका-मुलं आहेत ही यादी आरोग्य केंद्राला द्यायची अट घालणं अवघड नाही. अमेरिकेने रुग्णालयांना अट घातली, आपण वीटभट्टीला घालू.

आणि मृत्यू नोंदवणाऱ्या बाईला नोटीस देणं थांबवा. हे आधी करा. हे झालं नाही तर जमातवार रकाना केला तरी त्यात आम्ही खोटंच लिहू, फक्त जास्त रकान्यांत.

माणसं कुठून आणायची हा आपला नेहमीचा प्रश्न. ती तिथेच आहेत. गडचिरोलीत डॉ. बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. माझं ते बाळ गेलं त्याच वर्षी. पुढे २०११ मध्ये केंद्राने ही पद्धत आशाताईंच्या कामात घेतली. गावच्या बाईला भाषा शिकवावी लागत नाही आणि रस्ता दाखवावा लागत नाही. असं असताना पेसा क्षेत्रातली, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेल्या गावांतली, सतरा संवर्गांची भरती, ज्यात आरोग्यसेविकाही येतात, कोर्टकचेरीत अडकली आणि पात्र ठरलेल्या आदिवासी मुलामुलींना रस्त्यावर बसावं लागलं. एकीकडे जागा रिकाम्या म्हणून आपण हळहळायचं, दुसरीकडे या पोरांनी उपोषणाला बसायचं. मोठ्या सरकारी रुग्णालयांत तरी वारली, भिल्ली, कोरकू, माडिया बोलणारी चार माणसं पगारावर बसवा. ‘काचेत’ म्हणजे काय ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

मंत्र-औषध करणाऱ्या भगताबद्दल लिहायचं मी टाळणार होते, पण बैठकीत तो विषय हमखास निघतो म्हणून लिहिते. लोक आधी भगताकडे जातात ही गोष्ट खरी आहे, आणि त्याने कधी कधी उशीर होतो हेही खरं. मात्र भगत रात्री दोनला उठतो, बाईच्या भाषेत बोलतो आणि पळून गेली असा शेरा मारत नाही. आपल्या दवाखान्याने यातलं एक जरी केलं तर लोक किती वेळात इकडे वळतात ते मी लसीकरणात पाहिलं आहे.

शेवटी एक वैयक्तिक काम. ते मार्च १९९९ चं रजिस्टर अजून असेल तर कुठल्यातरी कपाटात असेल. त्यातली ‘उपजत मृत’ ही माझी नोंद मला दुरुस्त करून हवी आहे. बाळ जिवंत जन्मलं होतं, मुलगी होती, अकरा दिवस जगली. नाव ठेवलेलं नव्हतं. आईचं नाव आणि पाडा मी अर्जात लिहीन. अशी नोंद दुरुस्त करायची पद्धत काय आहे, आणि अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, एवढं कृपया कळवावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
जव्हार, जि. पालघर